रणात स्वतःची गाडी

प्रश्न : डिसेंबरात रत्नागिरीहून स्वतःच्या गाडीने कच्छला जाऊन वन्यजीव आणि हस्तकला दोन्ही पाहण्याचा आमचा बेत आहे. गाडी रणात नेता येईल का?

उत्तर : डांबरी रस्त्यावर अवश्य न्यावी, रणात मात्र उतरवू नये. पावसाळ्यात पाण्याखाली जाणाऱ्या या भूमीवर नंतर कोरडा पापुद्रा धरतो, पण त्याखाली चिखल ओलाच राहू शकतो. खाजणात पाय रुतलेल्या कोकणी माणसाला हे वेगळे सांगायला नको. छोट्या रणातील रानगाढवांच्या सुमारे ५,००० चौरस किलोमीटरच्या अभयारण्यात बजाणा किंवा ध्रांगध्रा बाजूने परवानगी काढून, स्थानिक वाटाड्याच्या जीपमधूनच जावे आणि शक्यतो सकाळी जावे. नावातल्या 'गाढवा'ला हसू नये. घुडखर, म्हणजेच हे रानगाढव, अतिशय देखणा प्राणी आहे.

हस्तकलेसाठी भुजजवळच्या भुजोडीत विणकर आणि अजरखपूर येथे ठसेछपाई पाहावी. २००१ च्या भूकंपानंतर धमडका गावातील काही खत्री कारागिरांनी हे अजरखपूर वसवले. धोळावीरा हे हडप्पाकालीन नगर, जे २०२१ मध्ये जागतिक वारसास्थळ झाले, तेथील दगडी जलाशयांना मात्र अर्धा दिवस तरी द्यावा. निघताना टाकी भरून घ्यावी आणि पिण्याचे पाणी जास्तीचे ठेवावे.