हेलेबोर: पानं तजेलदार, पण फूल नाही

प्रश्न: झाडाखालच्या सावलीत हेलेबोर (हिवाळ्याअखेर फुलणारं शोभेचं रोप) लावून दोन वर्षं झाली. पानं भरपूर आहेत, फूल एकही नाही. काही पानांवर काळे डाग पडलेत. मागच्या वर्षीचं बी पेरलं, तेही उगवलं नाही. काय करावं?

उत्तर: दोष बहुधा सावलीवर ढकलला जातो. आधी रोप किती खोल गेलंय ते बघा. बुडाजवळची माती बोटांनी सारा. कोंब निघतात तो गड्ड्याचा माथा मातीच्या पातळीला, फार तर 2 सेंमी खाली असावा. त्याहून खोल गाडलेलं रोप पानं देतं, पण फुलं धरत नाही, आणि पाणी साचलं तर माथाच कुजतो. असं रोप हिवाळ्याच्या तोंडावर मुळांच्या मातीसकट उचलून वर घ्या. दोन रोपांत 45 सेंमी अंतर ठेवा. मात्र रोप बियांपासून केलेलं असेल तर पहिलं फूल यायला दोन-तीन वर्षं लागतातच.

जागा पानगळ होणाऱ्या झाडाखालची हवी, म्हणजे हिवाळ्यात ऊन आणि उन्हाळ्यात सावली मिळते. बारमाही दाट झाडाखाली प्रकाश कमी पडतो, शिवाय मोठ्या झाडाची मुळं पाणी पळवतात. चिकण मातीत उंच वाफा करून भरपूर पानखत मिसळा. सामू (pH, मातीची आम्ल-अल्कता) 7 च्या आसपास ठेवा. चुना टाकायचा तो माती तपासूनच. पालापाचोळ्याचं 5 सेंमी आच्छादन द्या, पण माथ्यावर चढू देऊ नका. नत्राचा मारा केलात तर पानंच वाढतील.

काळे गोल डाग बुरशीचे आहेत. ज्या जातींची पानं थेट जमिनीतून निघतात, त्यांची जुनी पानं कळ्या वर येण्याआधी, हिवाळ्याच्या सुरुवातीला, बुडापासून कापा आणि बागेबाहेर टाका, कंपोस्टमध्ये नको. खोडाच्या शेंड्यावर फुलणाऱ्या जातींना मात्र हा नियम लावू नका, त्या वर्षीचा बहरच कापून जाईल. त्यांची खोडं फुलं संपल्यावर काढा.

डाग गोल नसून शिरांच्या कडेने काळ्या रेघा असतील आणि नवी फूट आखडून काळी पडत असेल, तर तो विषाणू आहे. त्यावर औषध नाही. रोप मुळासकट उपटून नष्ट करा आणि शेजारच्या रोपांवरचा मावा आवरा, कारण प्रसार बहुधा तोच करतो.

बी न उगवण्याचं कारण त्याचं शिळेपण. सुकलेलं बी गाढ सुप्तावस्थेत जातं. शेंगा उकलताच, उन्हाळ्याच्या सुरुवातीला, ताजं बी पेरा आणि माती ओलसर ठेवा. आधी ऊब, मग थंडी मिळाली की हिवाळ्याअखेर कोंब दिसतात.

कापणी करताना हातमोजे घाला. सगळं झाडच विषारी आहे, रसाने कातडी भाजल्यासारखी होते. छाटलेली पानं गुरांच्या तोंडी लागू देऊ नका.