दिरहम पंचवीस रुपयांवर जाण्याची वाट पाहावी का?

शारजात नोकरी करणाऱ्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्याकडे 1,40,000 दिरहम शिल्लक असून ते तेथील बँकेच्या बचत खात्यात जवळपास बिनव्याजी पडून आहेत. नाशिकच्या सदनिकेचे 31 लाख रुपयांचे गृहकर्ज 8.5 टक्के बदलत्या दराने चालू आहे आणि त्या सदनिकेत त्यांचे आईवडील राहतात. पत्र लिहिताना एका दिरहमला 23 रुपये 50 पैसे मिळत होते. ‘‘दर 25 झाला की एकरकमी पैसे पाठवून कर्जाचा मोठा भाग फेडावा, असा विचार आहे. थांबणे योग्य ठरेल का?’’ असे त्या विचारतात.

आपला प्रश्न दिरहमचा वाटत असला तरी तो वास्तविक डॉलरचा आहे. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर 1997 पासून आपले चलन एका डॉलरला 3.6725 दिरहम या दराने बांधून ठेवले आहे. त्यामुळे दिरहमचा भाव 25 होणे म्हणजे डॉलर 92 रुपयांच्या जवळ जाणे.

रुपया घसरतच असतो, मग थांबल्यास फायदाच होईल, हा समज सर्वस्वी चुकीचा नाही. मार्च 1993 मध्ये रुपयाचा दर बाजारावर सोपवला गेला, तेव्हा डॉलर सुमारे 31 रुपये 37 पैसे होता. आपल्या पत्रातील दराने तो 86 रुपये 30 पैसे होतो. या प्रदीर्घ काळात डॉलर सरासरीने वर्षाला तीन टक्क्यांच्या थोडा वर महागला. मात्र ही वाढ दरवर्षी नेमाने झालेली नाही. 2002 च्या मध्यास डॉलर 49 रुपयांना होता आणि 2007 च्या अखेरीस तो साधारण 39 पर्यंत उतरला होता; दिरहमच्या भाषेत 13 रुपये 30 पैशांवरून 10 रुपये 70 पैशांपर्यंत. म्हणजे चांगल्या दराची वाट पाहत थांबलेल्या माणसाने त्या साडेपाच वर्षांत मुद्दलाचा पाचवा हिस्सा गमावला.

ऑगस्ट 2013 चा प्रसंग आखातातील अनेकांच्या स्मरणात असेल. डॉलर 68 रुपये 80 पैशांवर गेला, दिरहम 18 रुपये 70 पैशांच्या घरात पोहोचला, आणि वीस रुपये होतील म्हणून कित्येक जण थांबले. काही आठवड्यांतच डॉलर 62 च्या आसपास परतला. तो जुना दर पुन्हा दिसण्यास नोव्हेंबर 2016 उजाडला, आणि दिसल्यावर तो टिकला नाही. जानेवारी 2018 मध्ये डॉलर साडेत्रेसष्टच्या आसपास होता. दर उसळतो तेव्हा अल्पकाळच उसळतो आणि तो शिखरावर आहे हे त्या दिवशी कोणालाच कळत नसते, हे व्यवसायाने चलनाचे व्यवहार करणाऱ्यांनाही लागू आहे.

अर्थात रुपयातच सारी पुंजी ठेवण्याचा धोकाही आपल्या सध्याच्या मुक्कामाच्या गावाने पाहिलेला आहे. 1959 पासून रिझर्व्ह बँक खास आखातासाठी रुपयाच्या वेगळ्या नोटा काढत असे आणि शारजा, दुबईचे व्यवहार त्यांतच चालत. 6 जून 1966 रोजी रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलर 4 रुपये 76 पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला, तेव्हा तेथील शिलकीची किंमतही त्याच प्रमाणात घटली आणि त्या अमिरातींनी रुपया सोडून दिला. म्हणूनच सर्व रक्कम पाठवू नका, असेही मी पुढे सुचवणार आहे.

आता मुख्य हिशेब. 1,40,000 पैकी 1,00,000 दिरहम पत्रातील दराने पाठवल्यास 23 लाख 50 हजार रुपये होतात. दर 25 झाल्यास 25 लाख. थांबण्याचा कमाल लाभ दीड लाख रुपये. मात्र 23 लाख 50 हजारांच्या कर्जावर 8.5 टक्क्यांनी महिन्याला सुमारे 16,650 रुपये व्याज जाते, म्हणजे नऊ महिन्यांत दीड लाख. दर नऊ महिन्यांत 25 ला पोहोचला तर आपण जेमतेम बरोबरीत राहाल. त्याहून उशीर झाल्यास तोटा, आणि दर उतरल्यास दुहेरी तोटा. भारतात आपले करपात्र उत्पन्न नाही, असे आपण कळवले आहे. त्यामुळे गृहकर्जाच्या व्याजावरील वजावटीचा उपयोग नाही आणि हे 8.5 टक्के पुरतेच अंगावर पडतात. एनआरई (अनिवासी भारतीयांच्या परदेशी कमाईसाठीचे भारतातील रुपया खाते) मुदत ठेवीचे व्याज आपल्याला भारतात करमुक्त असले तरी ते कर्जाच्या दराइतके मिळणार नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. आपला पगारच दिरहममध्ये आहे. उद्या दर खरोखर 25 झाला तर पुढचा प्रत्येक पगार आणि उरलेले साडेसात लाखांचे कर्ज या दोन्ही बाबतींत त्याचा लाभ आपल्याला मिळणारच आहे. रुपयाच्या घसरणीवर आपण आधीच पुरेशा विसंबून आहात. साठवलेली रक्कमही त्याच बाजूला लावण्याची गरज मला दिसत नाही.

तेव्हा 40,000 दिरहम तिथेच ठेवावेत. आपला निवासी परवाना नोकरीशी जोडलेला आहे, आणि नोकरी गेल्यास घरभाडे व इतर खर्च दिरहममध्येच भागवावे लागतील. उरलेले 1,00,000 दिरहम पाठवावेत. मनाला रुखरुख नको असेल तर दोन भागांत, पण दोन महिन्यांच्या आत. त्याहून अधिक तुकडे करण्यात अर्थ नाही. पुढे दर महिन्याची बचत पगार झाल्याबरोबर, दर न पाहता पाठवावी.

पाठवताना जाहिरातीतील शून्य शुल्कावर जाऊ नका, कारण विनिमय केंद्रे आपला नफा दरात घेतात. त्याच दिवशी दोनतीन ठिकाणी विचारून हाती प्रत्यक्ष किती रुपये पडतील एवढेच ताडून पाहा. रक्कम एनआरई खात्यातून कर्जात भरा आणि त्याच्या नोंदी जपून ठेवा. पुढे सदनिका विकून पैसे परदेशी न्यायचे झाल्यास त्या लागतील. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नाही. मात्र मोठी रक्कम भरल्यावर हप्ता घटवायचा की मुदत, हे बँकेला लेखी कळवणे आवश्यक आहे. आपल्याला हप्ता झेपत असल्याने तो तोच ठेवून मुदत कमी करून घ्यावी आणि नवे परतफेडीचे वेळापत्रक मागून घ्यावे.