साखरेची फुलं : पेस्ट घरची की विकतची?

प्रश्न : फाँडंटचे (केकवर लाटून घालायच्या साखरेच्या मऊ आवरणाचे) केक मला जमतात. आता तारेवरचे गुलाब शिकतेय. तयार गम पेस्ट (फुलांसाठी पातळ लाटता येणारी, कडक वाळणारी साखरेची कणीक) महाग पडते म्हणून घरी केली, पण पाकळ्यांच्या कडा फाटतात. घरचीच सुधारू की विकतची आणू? (ठाणे)

उत्तर : पहिले आठ-दहा गुलाब विकतच्या पेस्टचे करा. एका गुलाबाला पेस्ट थोडीच लागते, वेळ मात्र खूप जातो. शिकताना पेस्टही घरची असली, तर पाकळी फाटल्यावर चूक हाताची की पेस्टची, हेच कळत नाही. चांगली पेस्ट बोटांना कशी लागते हे एकदा कळलं की घरची करायला घ्या.

पेस्ट घरची असो वा विकतची, तिची परीक्षा एकच. सुपारीएवढा गोळा दोन मिनिटं मळा आणि दोन्ही हातांनी झटकन ओढा. थोडा ताणून ‘टच्’ असा तुटला तर पेस्ट तयार आहे. च्युइंगगमसारखा लांबतच गेला तर ती ओली आहे, न ताणता तुटला तर कोरडी. मग ती इतकी पातळ लाटा की खाली ठेवलेल्या वर्तमानपत्राचे मथळे दिसावेत. फाँडंट असं लाटलं जात नाही, कारण ते मऊ राहावं म्हणून त्यात ग्लिसरीन घालतात. त्याच कारणाने ते कडकडीत वाळतही नाही.

घरच्या पेस्टचं प्रमाण : एका अंड्याचा पांढरा (३० ग्रॅम), आयसिंग शुगर २०० ग्रॅम, सीएमसी पावडर (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, हीच पेस्टला ताण देते) ९ ग्रॅम, शॉर्टनिंग (घट्ट वनस्पती तूप) ५ ग्रॅम. सगळं वजनावर घ्या. चमच्यांच्या मापाने सीएमसी सहज दोन ग्रॅमनी कमीजास्त होते आणि तेवढ्यानेही पेस्ट बिघडते. टायलोज पावडर म्हणून मिळते तीही सीएमसीच, प्रमाण तेच ठेवा.

पांढरा जरासा फेटून त्यात १८० ग्रॅम साखर थोडी थोडी घाला आणि मध्यम वेगावर दोनेक मिनिटं फेटा. मिश्रण चकचकीत होऊन बीटर उचलल्यावर टोक वाकलं पाहिजे. आता वेग कमी करून सीएमसी भुरभुरत घाला. एकाच जागी ओतलीत तर गुठळ्या होतील आणि त्या नंतर मळूनही मोडत नाहीत. मिश्रण क्षणात घट्ट होतं. हाताला शॉर्टनिंग लावून उरलेली २० ग्रॅम साखर मळून घ्या, क्लिंग फिल्ममध्ये दुहेरी गुंडाळा, हवाबंद डब्यात घाला आणि २४ तास फ्रिजमध्ये ठेवा.

हे २४ तास बहुतेक जण गाळतात. सीएमसीला पाणी पूर्ण शोषायला वेळ लागतो. तोवर पेस्ट दिसायला तयार असते, पण तिच्यात ताण नसतो. तुमच्या कडा फाटण्याचं पहिलं संशयित कारण हेच. दुसरं कारण साखर. मिक्सरमध्ये घरी दळलेली साखर कितीही चाळली तरी तिचे कण राहतात आणि पातळ कड बरोबर त्या कणापाशी चिरते. विकतची आयसिंग शुगरही मलमलमधून चाळून घ्या. तिसरं कारण लाटताना वापरलेलं भरपूर कॉर्नफ्लोअर. ते पेस्ट कोरडी करतं, म्हणून पाटाला शॉर्टनिंगचा हलका हात पुरे. कड पातळ करताना बॉल टूल (टोकाला गोळी असलेली काडी) अर्धं पाकळीवर, अर्धं फोम पॅडवर असावं.

फुलं तारेवरची असल्याने ती खाण्यासाठी नाहीत, हे ग्राहकाला सांगाच. तरीही कच्च्या अंड्याऐवजी पाश्चराइज्ड पांढरा किंवा अंड्याच्या पांढऱ्याची पावडर वापरलेली बरी.

गडद लाल आणि काळी पेस्ट मात्र हात बसल्यावरही तयार रंगीतच आणा. घरी त्या छटेला इतका जेल रंग लागतो की पेस्ट चिकट होते.

प्रश्न : अंड्याशिवाय घरी करता येईल? लाडवांचा डिंक चालेल का? (सांगली)

उत्तर : डिंक चालणार नाही. लाडवांचा डिंक पाण्यात विरघळून चिकट होतो, पेस्टला लवचीकपणा देत नाही. अगर-अगरही नको, त्याने पेस्ट ठिसूळ होते. बिनअंड्याच्या जुन्या कृतींत जिलेटिन असतं, ते शाकाहारी नव्हे. सोपा उपाय म्हणजे २५० ग्रॅम चांगल्या फाँडंटमध्ये दीड ते दोन लहान चमचे सीएमसी मळून रात्रभर ठेवा. पानं, कळ्या, जाडसर पाकळ्यांची फुलं याची छान होतात, पण झिरझिरीत पाकळी मिळणार नाही. त्यासाठी विकतची शाकाहारी गम पेस्टच घ्या. फाँडंट आणि पेस्ट, दोन्हींच्या पाकिटावर हिरवी खूण पाहा.

प्रश्न : पावसाळ्यात फुलं वाळतच नाहीत. वाळलेली दुसऱ्या दिवशी मान टाकतात. (रत्नागिरी)

उत्तर : साखर हवेतलं पाणी ओढते, त्यामुळे कोकणातल्या जुलैत कुठलीही पेस्ट थोडी नमणारच. घरच्या पेस्टचा इथे एक फायदा आहे : त्याच प्रमाणात सीएमसी ९ ऐवजी १० ग्रॅम घेता येते. त्याहून जास्त नको, नाहीतर लाटतानाच चिरा पडतील. विकतच्या पेस्टमध्ये पाव किलोला अर्धा लहान चमचा सीएमसी मळून तासभर झाका.

पाकळ्या एसीच्या खोलीत वाळवा. वाळलेली फुलं सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा. पुड्या फुलांना टेकू देऊ नका आणि निळे दाणे घेऊ नका, त्यांत कोबाल्ट क्लोराइड हे विषारी रसायन असतं. फुलं फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढताच त्यांवर दव धरतं आणि कडा विरघळू लागतात.

प्रश्न : व्हिप्ड क्रीमच्या केकवर ही फुलं टिकतात का? (म्हापसा)

उत्तर : क्रीमला टेकली की खालच्या पाकळ्या ओल्या होऊन गळतात. फुलाच्या बुडाला वितळवलेल्या व्हाइट चॉकलेटचा थर द्या. तार थेट केकमध्ये खुपसू नका. फ्लॉवर पिक (तार बसवायची प्लॅस्टिकची नळी) किंवा एका बाजूने चॉकलेटने बंद केलेली जाड स्ट्रॉ केकमध्ये रोवून तार त्यात बसवा. केक फ्रिजमधून काढून समारंभाच्या जागी पोचला की मगच फुलं लावा.