फिश टँकमधल्या झाडांना ट्यूब कोणती?

प्रश्न : मॅडम, सप्रेम नमस्कार. आमच्याकडे तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच टँक आहे. गप्पी आणि मॉली आहेत. लेकरांच्या हट्टापायी प्लास्टिकची झाडं काढून खरी लावायची ठरवली आहेत : व्हॅलिस्नेरिया, अ‍ॅमेझॉन स्वोर्ड, जावा फर्न आणि क्रिप्टोकोरीन. माशांच्या दुकानात सांगितलं, झाडांसाठी खास लाइट लागते, 3,500 रुपये. गंजगोलाईत इलेक्ट्रिकच्या दुकानात साधी एलईडी पट्टी 200 रुपयांना आहे. घरात जुनी चार फुटी चोकवाली ट्यूबही पडून आहे. आमचे हे म्हणतात, झाडांना गुलाबी ट्यूबच पाहिजे. माझ्याकडे 1,000 रुपये आहेत. काय घेऊ? — एक वाचक भगिनी, लातूर

उत्तर : ताई, गंजगोलाईतली 200 वालीच घ्या. फक्त एक नको, दोन घ्या. आणि चार फुटी नको, दोन फुटी घ्या. उरलेल्या पैशात टायमर येतो, त्याची गरज ट्यूबइतकीच आहे. आता हिशेब सांगते, म्हणजे दुकानात कुणी काही गळ्यात मारू बघितलं तर उत्तर तयार असेल.

तुमचा टँक साडेचार घनफुटांचा. एका घनफुटात 28 लिटरच्या थोडं वर पाणी मावतं, म्हणजे काठोकाठ भरला तर 127 लिटर. खालची वाळू, दगड आणि वर सोडलेली तीन-चार बोटं वजा केली की पाणी राहतं 105 लिटरच्या आसपास. दोन फुटी एलईडी पट्टी साधारण 10 वॅटची असते आणि तिच्या खोक्यावर 1,000 च्या जवळपास ल्युमेन, म्हणजे उजेडाचं माप, लिहिलेले असतात. दोन पट्ट्यांचे झाले 2,000. पाण्याने भागा : लिटरला 19 ल्युमेन. ही हौस करणाऱ्यांत एक ठोकताळा चालतो. लिटरला 10 ते 20 ल्युमेन म्हणजे कमी उजेड, 20 ते 40 मध्यम, त्याच्या वर भरपूर. तुम्ही लिहिलेल्या चारपैकी तीन झाडांना कमी उजेड पुरतो. एकट्या स्वोर्डला जरा जास्त लागतो, त्याची सोय पुढे सांगते.

वॅटवरून उजेड मोजू नका. ‘एका गॅलनला दोन वॅट’ असं अजून कुणी कुणी सांगतं, पण तो हिशेब जाड ट्यूबच्या काळातला आहे. तेवढ्याच वॅटमध्ये एलईडी बराच जास्त उजेड देते, आणि तो जुना आकडा धरून एलईडी लावली की महिन्याभरात टँकमध्ये झाडांपेक्षा शेवाळ जास्त. खोक्यावर ल्युमेन छापलेले नसतील तर खोकं परत ठेवा, मग किंमत काही का असेना. खरं पाहिलं तर ल्युमेन हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे. झाडाला लागणारा उजेड मोजायचं यंत्र वेगळं असतं आणि ते आपल्या टँकपेक्षा महाग पडतं. पांढऱ्या एलईडीची पांढऱ्या एलईडीशी तुलना करायला ल्युमेन पुरेसे आहेत.

चार फुटी पट्टी तुमच्या टँकवर दोन्हीकडे सहा-सहा इंच बाहेर येईल आणि तेवढा उजेड भिंतीला जाईल. तीन फुटी शोधत हिंडू नका, सहज मिळत नाही. दोन फुटीतली एक पट्टी पुढच्या काचेकडे डावीकडे सरकवून ठेवा, दुसरी मागच्या काचेकडे उजवीकडे सरकवून. मधला एक फूट दोन्हींच्या खाली येतो. तिथे स्वोर्ड लावा. अंधाऱ्या कोपऱ्यांत क्रिप्टोकोरीन आणि जावा फर्न बसवा. मागच्या काचेलगत व्हॅलिस्नेरियाची रांग, तिची पानं आपली आपण वर उजेडाकडे जातात. क्रिप्टोकोरीनची पानं पहिल्या पंधरवड्यात विरघळल्यासारखी गळाली तर उपटून टाकू नका, मुळापासून पुन्हा फुटतं. जावा फर्नचं आडवं खोड वाळूत पुरलं की कुजतं, ते दगडाला दोऱ्याने बांधा.

आता गुलाबी ट्यूब. यजमानांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. हरितद्रव्य निळा आणि तांबडा उजेड जास्त शोषतं, हा आलेख मी फळ्यावर काढून वर्षानुवर्षं अकरावी-बारावीला शिकवला. पण तो आलेख पानातून काढून द्रावणात घेतलेल्या हरितद्रव्याचा असतो. जिवंत, अख्खं पान हिरव्या उजेडाचाही बराच भाग कामी लावतं. शिवाय पांढरी एलईडी म्हणजे मुळात निळा दिवाच, त्याच्यावर पिवळसर लेप असतो म्हणून ती पांढरी दिसते. निळा तिच्यात मुबलक, तांबडाही असतो. गुलाबी ट्यूबखाली झाडं वाढत नाहीत असं मुळीच नाही, चांगली वाढतात. पण टँक सगळा जांभळट दिसतो आणि पैसे जास्त जातात. यजमानांना वाईट वाटू नये म्हणून हवं तर आलेखाची गोष्ट अर्धीच सांगा.

खोक्यावर 6500 के असं लिहिलेलं असतं, तो रंगाचा आकडा. दुकानदार त्याला ‘कूल डेलाइट’ म्हणतात आणि आपल्याकडे जास्त करून तीच मिळते. घ्यायला हरकत नाही. झाडं 4000 वरही वाढतात, 3000 च्या पिवळ्या उजेडातही वाढतात. आकडा जास्त म्हणजे उजेड जास्त असं नाही. मला स्वतःला एक पट्टी 6500 ची आणि एक 4000 ची, अशी जोडी आवडते. गप्पीच्या शेपटीतला तांबडा तिच्यात उठून दिसतो. नुसत्या 6500 खाली मासे आजारी वाटतात, असं माझं मत. आमच्या घरात ते कुणालाच पटत नाही. सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, 80 च्या वर असावा, तोही खोक्यावरच असतो.

3,500 ची लाइट वाईट आहे असं समजू नका. पाण्याचा थेंब आत जाऊ नये अशी बांधणी, काचेवर बसणारे पाय, उजेड कमी-जास्त करायची सोय, याचे ते पैसे आहेत. लाल पानांची रोटाला मॅक्रँड्रा लावायची असेल, गालिच्यासारखं गवत पसरायचं असेल, तर तसल्या लाइटचा विचार करा. पण मग कार्बन डायऑक्साइडची बाटली आली, खत आलं, दर आठवड्याला कापणी आली. एवढा उजेड देऊन बाकीचं दिलं नाही तर वाढतं ते शेवाळच. म्हणून मी सगळ्यांना सांगते, आधी उजेड ठरवा आणि त्याला सोसतील ती झाडं आणा.

घरातली जुनी ट्यूब चालेल का? चालेल. एलईडी येण्याआधी लोकांनी असल्या ट्यूबवरच सुंदर टँक राखले. तिच्या टोकाला छापलेला आकडा बघा. 765 असेल तर 36 वॅटमधून 2,500 ल्युमेनच्या आसपास, 865 असेल तर 3,200 च्या वर. पहिला अंक रंग किती खरे दिसतात त्याचा आणि पुढचे दोन, 65 म्हणजे 6500. पण हे आकडे नव्या ट्यूबचे. पडून राहिलेली नव्हे, वापरलेली असेल तर उजेड उतरलेला असतो, डोळ्यांना ते कळत नाही. तिचा उजेड चहूबाजूंनी पडतो, वर पांढरा पत्रा नसला तर अर्धा छताला जातो. तांब्याचा चोक वरून दहा-बारा वॅट खातो आणि ते सगळे उष्णता होऊन बाहेर पडतात. लातूरला मे महिन्यात ही उष्णता परवडणारी नाही. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि मासे वर येऊन धापा टाकतात. दोन एलईडी पट्ट्या दिवसाला सात तास चालल्या तर महिन्याला 4.2 युनिट. चोकवाली एकटीच त्याच्या दुपटीच्या वर जाते.

उन्हाळ्याचं निघालंच आहे तर सांगते. पाण्यावर वारा जाईल असा छोटा पंखा लावला तर आपल्याकडच्या कोरड्या हवेत पाणी दोन-तीन अंशांनी सहज उतरतं. मात्र पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. बोअरचं पाणी वरून ओतत राहिलात तर क्षार वाढत जातील, म्हणून अधूनमधून थोडं पाणी काढून मग नवं घाला. लातूरकरांना पाणी जपायला मी काय शिकवणार! 2016 ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं गाव आहे तुमचं. काढलेलं पाणी कुंड्यांना द्या, त्यात माशांचं खत असतं. आणि टँकवरच्या झाकणाच्या काचेवर पांढरे डाग पडतात ते हेच क्षार. ती काच दर आठवड्याला लिंबाने किंवा व्हिनेगरने पुसा. उजेड कमी पडतो म्हणून लोक तिसरी पट्टी आणतात आणि अडचण असते काचेवरच्या पांढऱ्या थराची.

विजेचं मात्र नीट ऐका. घरगुती पट्टी पाण्यासाठी बनवलेली नसते आणि तिच्यात 230 व्होल्ट असतात. झाकणाची काच हवीच. पट्टी काचेवर आडवी टाकू नका, लाकडी चौकटीला किंवा भिंतीतल्या ब्रॅकेटला स्क्रूने बसवा, टँकपासून चार-सहा इंच वर. धातूच्या पत्र्याऐवजी प्लास्टिकच्या अंगाची मिळाली तर ती घ्या. वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळ आला तर झोळातून खाली गळेल, प्लगमध्ये जाणार नाही. बोर्डावर 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर वायरमनला बोलवून आधी तो बसवा, झाडं नंतर लावा. पाण्यात हात घालण्यापूर्वी सगळी बटणं बंद. लेकरांनाही हेच शिकवा.

पहिला महिना रोज सहा तास उजेड, नंतर सात, फार तर आठ. टायमर दोन तऱ्हेचे मिळतात. चकती फिरणारा स्वस्त, पण लाइट गेली की त्याचं घड्याळ थांबतं. आपल्याकडे लोडशेडिंग सुरू झालं की आठवड्याभरात तो संध्याकाळी लावायची ट्यूब मध्यरात्री लावतो. आत बॅटरी असलेला डिजिटल घ्या, शंभर-दोनशे जास्त गेले तरी.

प्रश्न : रात्री निळी ट्यूब चालू ठेवली तर टँक छान दिसतो. ठेवू का? — एक वाचक, जालना

उत्तर : नको. माशांना अंधार लागतो. पाहुणे आले तर अर्धा तास लावा आणि बंद करा.

प्रश्न : मावशी, मी अकरावीत आहे. माझ्याकडे एक फूट बाय एक फूट बाय एक फूट टँक आहे. अभ्यासाच्या टेबललॅम्पमध्ये 9 वॅटचा एलईडी बल्ब आहे, तोच त्यावर वळवला तर चालेल का? झाडं नदीतून आणणार आहे. — एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : बाळा, लॅम्प चालेल, बल्ब बदल. 9 वॅटचा म्हणजे 900 ल्युमेनच्या आसपास आणि तुझ्याकडे पाणी 25 लिटर धरू. तूच भाग. वरच्या लातूरच्या उत्तरात लिटरला किती ल्युमेन त्याचा ठोकताळा दिला आहे, त्यात तुझं उत्तर कुठे बसतं ते बघ. 5 वॅटचा लाव, तोही पाण्यापासून वीतभर उंच. लॅम्पची मान घट्ट आहे ना, ते तपास. पाण्यात पडणारा लॅम्प नको.

नदीतली हायड्रिला या टँकला उत्तम, ती आपलीच आहे आणि कशातही वाढते. आणलीस की बादलीत आठ-दहा दिवस वेगळी ठेव, पाणी बदलत राहा, कारण तिच्याबरोबर गोगलगायीची अंडी आणि चतुराची पिल्लं येतात. चतुराचं पिल्लू बारके मासे खातं. उलट दिशेने मात्र काही न्यायचं नाही. टँकमधली वाढलेली झाडं नदीत टाकू नकोस, उन्हात वाळवून कुंडीत घाल. 1950 च्या दशकात हीच हायड्रिला टँकच्या हौसेपायी अमेरिकेत फ्लोरिडात गेली आणि तिथल्या तळ्यांत इतकी माजली की अजून ते काढतायत. आपल्याकडच्या नद्यांत जलपर्णी तू पाहिलीच असशील, तीही बाहेरून आलेली.

प्रश्न : टँकचं पाणी पोपटी झालं आहे. पाणी बदललं की चार दिवसांत पुन्हा तसंच. लाइट पाचच तास लावतो. — एक वाचक, नांदेड

उत्तर : टँकवर खिडकीतून ऊन किती तास येतं ते तुम्ही लिहिलं नाही. तेच आधी बघा. दिवाणखान्यात दक्षिणेच्या खिडकीशी ठेवलेल्या टँकवर हिवाळ्यात ऊन थेट आत येतं, त्यापुढे ट्यूबचा हिशेब कुठे राहतो. पडदा लावा. मग तीन दिवस टँक जाड चादरीने पूर्ण झाका, लाइट बंद, खाणं अगदी थोडं, हवेचा पंप मात्र चालू. चौथ्या दिवशी तिसरा हिस्सा पाणी बदला.

प्रश्न : एका दुकानात टी-फाइव्हच्या ट्यूबा मोडीच्या भावात देतायत. टँकला वर्षानुवर्षं पुरतील इतक्या घेऊन ठेवू का? — एक वाचक, हिंगोली

उत्तर : फिटिंग आधीच असेल तर एखादी जास्तीची घ्या, साठा नको. टी-फाइव्ह चांगली ट्यूब आहे, जाड ट्यूबपेक्षा बारीक, कमी विजेत जास्त उजेड. पण या सगळ्या ट्यूबांत पारा असतो, आणि पाऱ्याचा वापर कमी करायच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांनी 2023 मध्ये त्या 2027 पर्यंत बंद करायचं ठरवलं आहे. पुढे चोक बिघडला तर नवा शोधत फिराल. घरात आहेत त्या संपवा, मग एलईडीवर या. एखादी फुटली तर झाडूने लोटू नका, त्याने पारा पसरतो. लेकरांना बाहेर काढा, पंखा बंद करून खिडक्या उघडा, पंधरा मिनिटांनी जाड पुठ्ठ्याने काचा गोळा करा, जमीन ओल्या कागदाने पुसा आणि ते सगळं झाकणाच्या बरणीत बंद करून ठेवा. घंटागाडीत ओल्या कचऱ्यात टाकू नका, वेगळी बरणी म्हणून सांगून द्या.