ड्रायव्हर बदलला म्हणून वॉरंटी जाते का?

तुमची अडचण अशी: दोन स्क्रीनचा लॅपटॉप घेऊन आठ महिने झाले. अपडेटनंतर खालच्या स्क्रीनवर कीबोर्ड दिसतो, पण बोट टेकवले तरी अक्षर उमटत नाही. कंपनीच्याच संकेतस्थळावरचा जुना ड्रायव्हर (स्क्रीनसारखा भाग विंडोजशी जोडणारे सॉफ्टवेअर) टाकल्यावर तीन दिवस चालला, पुन्हा बंद पडला. आता सेवा केंद्र म्हणते, ड्रायव्हर तुम्ही बदललात, वॉरंटी रद्द. पॅनेलचे, म्हणजे खालच्या स्क्रीनच्या भागाचे, पैसे भरा.

एवढ्याने वॉरंटी जात नाही. वॉरंटीपत्रातले अपवादाचे कलम शब्दशः वाचा. 'अनधिकृत बदलामुळे झालेला बिघाड' असे लिहिले असेल, तर सगळे त्या 'मुळे'वर अडते. बदलानेच बिघाड झाला, हे अपवादाचा आधार घेणाऱ्याने दाखवायचे. आणि कंपनीने स्वतः दिलेला ड्रायव्हर अनधिकृत कसा ठरेल?

मात्र पुरावा जपल्याशिवाय लॅपटॉप त्यांच्या हाती देऊ नका. रीसेट मारला की ड्रायव्हरचा इतिहास पुसला जातो. विंडोज फोल्डरातल्या आयएनएफ (INF) फोल्डरात 'सेटअपएपीआय.डेव्ह.लॉग' (setupapi.dev.log) ही फाइल असते. कोणता ड्रायव्हर कधी बसला, हे त्यात वेळेसकट नोंदलेले असते. ती पेनड्राइव्हवर घ्या, त्याच दिवशी तिचा एसएचए-२५६ हॅश (फाइलचा डिजिटल ठसा; फाइल बदलली की तोही बदलतो) काढून ठेवा. पुढे तक्रार जिथे जाईल तो ग्राहक आयोग पुराव्याच्या काटेकोर नियमांत अडकत नाही, तरी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र जोडलेले बरे. त्यात हा हॅश लागतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये खालच्या टचची नोंद दिसते का, 'कोड १०' (उपकरण सुरू होऊ शकत नाही, ही चूक) येतो का, याचा सलग व्हिडिओ काढा. सुरुवातीला सीरियल नंबर दिसू द्या. लॅपटॉप लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे काही इन्स्टॉल न करता विंडोजऐवजी दुसऱ्या प्रणालीवर, सुरू करून पाहा. तिथे टच चालला, तर पॅनेल बदलण्याची मागणी टिकणे कठीण. नाही चालला, तर मात्र त्यावरून काही ठरत नाही. त्या मॉडेलचा आधार लिनक्समध्ये नसू शकतो.

मग नकार कारणासह लेखी मागा आणि उत्पादक व विक्रेता दोघांना १५ दिवसांची नोटीस द्या. दाद न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९खाली तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षे, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. दोष तपासणीशिवाय कळत नसेल, तर कलम ३८खाली प्रयोगशाळेत पाठवण्याची मागणी करा. तिचा खर्च आधी तुम्हालाच भरावा लागेल.

तोवर जॉबशीटवर (सेवा केंद्राच्या दुरुस्तीच्या नोंदपत्रावर) 'ग्राहकाने सॉफ्टवेअर बदलले' असे छापलेले असेल, तर त्याखाली कोरी सही करू नका. 'कंपनीचाच ड्रायव्हर, अमुक आवृत्ती' असे स्वतःच्या अक्षरात लिहा, मगच सही करा आणि प्रत घेऊनच निघा.