पक्ष्यांच्या विष्ठेत कसलं करिअर?

प्रश्न : आम्ही निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. मुलगी बारावी सायन्सला. फार्मसीचं ठरलं होतं, पण नांदूरमधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात शिबिराला जाऊन आल्यापासून ‘मासे-पक्षी खत आणि विष कुठून कुठे नेतात’ हेच शिकायचं म्हणते. पक्ष्यांच्या विष्ठेत कसलं करिअर? – एक पालक

भाऊसाहेब, नमस्कार.

लेकीचा विषय पोरकट नाही. पॅसिफिकचे सॅमन मासे समुद्रात पोसतात आणि अंडी घालायला नदीत चढून तिथेच मरतात. अस्वलं ते काठावर ओढून नेतात आणि समुद्रातलं नत्र झाडांना मिळतं. पण सॅमनच्याच चरबीतून पीसीबी नावाची घातक रसायनंही अलास्काच्या तळ्यांत उतरतात. कॅनडाच्या डेव्हन बेटावर तर आसपास ना कारखाना ना शेती. तरी कड्याखालच्या तळ्यांत पारा आणि डीडीटी हे कीटकनाशक सापडलं, कारण वर समुद्रपक्ष्यांची वसाहत. खायचं समुद्रात, शिटायचं कड्यावरून! हे संशोधन २००५ मध्ये प्रसिद्ध झालं.

गोदावरी-कादवा संगमावरचं आपलं नांदूरमधमेश्वर २०२० मध्ये जाहीर झालेलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. पट्टकादंब या रानहंसासारखे पाहुणे पक्षी शेतात चरतात आणि पाण्यावर मुक्काम करतात. त्यांच्यासोबत जलाशयात किती नत्र-स्फुरद येतं, हा प्रश्न तिला घरबसल्या मिळालाय.

आता पोटापाण्याचं. हा विषय दुर्बिणीपेक्षा प्रयोगशाळेत जास्त चालतो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशांमुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली होती, ते तुम्ही विसरला नसाल. तुमच्या मालातल्या रसायनांच्या अंशांचा रेसिड्यू रिपोर्ट ज्या यंत्रांवर निघतो, तसल्याच यंत्रांवर माशाच्या चरबीतलं कीटकनाशक मोजतात. म्हणून बीएस्सीला रसायनशास्त्र मुख्य ठेवा, जोडीला प्राणिशास्त्र आणि थोडं संख्याशास्त्र. नाशिकची केटीएचएम किंवा आरवायके, दोन्ही कॉलेजं जवळ आहेत. मत्स्यशास्त्राची वाट वेगळी : रत्नागिरीजवळचं शिरगाव, नागपूर किंवा उदगीरला चार वर्षांची पदवी, पुढे मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था.

शुद्ध संशोधनात मात्र जागा थोड्या आणि पीएचडीशिवाय निभाव कठीण. तिशीपर्यंत फेलोशिपवर भागवावं लागतं. हे तिला आत्ताच स्पष्ट सांगा. रसायन पक्कं असेल तर अन्नतपासणी, पाणीतपासणी, औषध कंपन्या यांची दारं उघडी राहतात. फार्मसीचा अर्जही भरून ठेवा, त्यात काही जात नाही.

यंदा बागेचा नमुना तपासायला जाईल तेव्हा लॅबवाल्यांना विचारून तिला दिवसभर तिथे बसू द्या. संध्याकाळी कंटाळून आली, तर पक्षीनिरीक्षण छंद म्हणून ठेवायला हरकत नाही. प्रश्न घेऊन आली, तर मला पुन्हा लिहा; कॉलेजचं बोलू.