परसात पेव्हर घालू का?

प्रश्न : सुदामानगरात आमच्या घरामागे ३० बाय २० फुटांचं परस आहे. सासूबाईंनी लावलेला पारिजातक, एक पेरू, कढीपत्ता, बाकी गवत. पावसाळ्यात काळी माती पायांना चिकटून घरभर होते, सापाचीही भीती वाटते. मुलगा म्हणतो, यंदा मृगाच्या आत सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवून टाकू. माझं मन धजत नाही. काय करावं, ताई?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : धजत नाही तेच बरं. मी २०११ साली ही चूक करून बसले आहे. पलसीकर कॉलनीतल्या आमच्या अंगणात मिस्त्रीने पारिजातकाच्या बुंध्याला भिडवून कोबा केला. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. झाड शेंड्याकडून वाळत गेलं आणि तिसऱ्या वर्षी संपलं. सासूबाई उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून निजायच्या, तेही सुटलं. रात्री दहाला कोब्यावर पाय ठेववत नसे. सिमेंट दिवसभराचं ऊन पोटात साठवतं आणि रात्रभर सोडत राहतं. शब-ए-माळवा म्हणून आपण ज्या गार रात्रींचं कौतुक सांगतो, त्या अशाच हातच्या जातात. झाडाचं उलट असतं. पानांतून एक लिटर पाण्याची वाफ होते, तेव्हा अर्ध्या युनिटाहून जास्त विजेइतकी उष्णता त्यात खर्ची पडते.

पाण्याचा हिशेब तर मला फार टोचतो. तुमच्या ६०० चौरस फुटांवर एक इंच पाऊस पडला की साधारण १,४०० लिटर पाणी येतं. सगळं पक्कं केलंत तर त्यातलं बहुतेक गल्लीत, तिथून नाल्यात, आणि वाटेतलं तेल-कचरा घेऊन कान्ह नदीत. प्यायचं पाणी मात्र आपण सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून, नर्मदेतून, पंपांनी वर चढवून आणतो!

आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते आणि पहिला पाऊस त्या भेगा घटाघटा पितात. भिजून फुगली की पाणी सावकाश मुरतं, तुमचा चिखल त्यातला. पण जिथे मुळं, गांडुळं, कुजलेला पाला आहे तिथे ती मोकळी राहते. शिवाय ही माती फुगते-आकसते, म्हणून ब्लॉकही काही पावसाळ्यांत वरखाली होतात, आणि खळग्यांत साचलेल्या पाण्यावर डास.

मुलाचंही थोडं ऐका. भिंतीलगत तीन फुटांची पट्टी पक्की करा, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. काळ्या मातीत घराच्या पायाशी पाणी मुरू देऊ नये. मागच्या दारापासून कपड्यांच्या दोरीपर्यंत वाट हवीच : मुरूम ठोकून, वर वाळू, त्यावर कोटा फरशीचे सुटे तुकडे, मध्ये बोटभर फट, आणि फटीत सिमेंट नाही. सापासाठी विटांचे ढीग, जुनी लाकडं हलवा, गवत घोट्याखाली ठेवा. खरकटं बाहेर टाकलं नाही की उंदीर कमी होतात, आणि त्यांच्या मागावर येणारा सापही. पाला कचरागाडीत देऊ नका, पेरूच्या आळ्यात पसरा.

पारिजातकाभोवती चार-चार फूट माती मोकळी ठेवायची. काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशीच तिथे चुन्याने गोल आखून घ्या आणि मिस्त्री येईल तेव्हा स्वतः समोर उभ्या राहा. मी त्या दिवशी घरी नव्हते.